चेन ताणताना बोटे सांभाळा

सायकलची चेन ही मेकॅनिकची बाब, डॉक्टरचा तिच्याशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण चेन आणि दात्यांची चकती यांच्यात चिरडलेले बोट शेवटी आमच्याच टेबलावर येते. ई-सायकलवर तर त्या चकतीमागे पायाबरोबर मोटरचाही जोर असू शकतो.

नेदरलँड्स, जर्मनीसारख्या देशांत मागच्या हबच्या आत गिअर बंद असलेल्या ई-सायकली बऱ्याच दिसतात. हबमधला गिअर काही नवा नाही. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब १९०२ सालचा! गिअर बाहेर असले की मागे स्प्रिंगचा एक हात असतो आणि तो चेनचा सैलपणा आपोआप खेचून घेतो. हबगिअरच्या बहुतेक सायकलींना तो नसतो. चेन झिजून लांबली की ताण आपणच द्यायचा. मोटर पेडलपाशी असेल तर पाय आणि मोटर दोघांचाही जोर चेनवरच पडतो, त्यामुळे ती लवकर झिजते.

सैल चेन उतरते. पेडल उलटे दाबून ब्रेक लागणारी सायकल असेल तर चेनबरोबर तो ब्रेकही गेला! उतारावर याचा अर्थ काय, हे सांगायला नको. उलट चेन फार ताणली तर बेअरिंग खराब होतात. दोन्ही चकत्यांच्या मधोमध चेन वर-खाली साधारण एक ते दीड सेंटिमीटर हलावी. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. चकती अगदी गोल नसते, म्हणून पेडल पूर्ण फिरवून जिथे चेन सर्वांत घट्ट होते तिथे मोजा.

हात लावण्याआधी मोटर बंद करा आणि बॅटरी काढून ठेवा. हे टाळले जाते, कारण ‘दोन मिनिटांचे तर काम’. पण चुकून पेडल दाबले गेले तरी मोटर जोर लावू शकते. एकाने पेडल फिरवायचे आणि दुसऱ्याने चेन चाचपायची, हा प्रकार तर नकोच. मुलांना तेवढा वेळ लांब बसवा. नंतर नट घट्ट आवळा, ॲक्सल फिरू न देणारे वॉशर जागच्या जागी बसवा, ब्रेक तपासा.

बोट अडकलेच तर ओढू नका, पेडलही फिरवू नका. मागच्या चाकाचे नट सैल करून चेन ढिली करा, नाहीतर चेन तोडा. जखमेत हळद, चहा पावडर भरू नका. ती काढण्यातच आमचा वेळ जातो. स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा. बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. ग्रीस लागलेली जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

तुकडा तुटला असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात. बोटाच्या टोकात स्नायू नसल्याने तो हातापायाच्या मोठ्या तुकड्यापेक्षा जास्त वेळ तग धरतो. तरीही थांबू नका. जिथे हाताची किंवा प्लास्टिक सर्जरी होते अशाच रुग्णालयात, आधी फोन करून जा, आणि पिशवीवर अपघाताची वेळ लिहा.