मँचेस्टर : गिरण्यांपलीकडचा इतिहास

इचलकरंजीला आपण ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतो. मूळ मँचेस्टर मात्र आपल्याला कापडापुरतंच ठाऊक असतं. तिथल्या समलिंगी समाजाबद्दल तर गैरसमजच जास्त.

गैरसमज : गिरण्या बंद पडल्यावर आलेलं हे नवं खूळ आहे.

वस्तुस्थिती : २४ सप्टेंबर १८८० च्या रात्री, गिरण्या भरात असताना, ह्यूम भागातल्या एका सभागृहावर पोलिसांनी धाड घातली आणि नाचाला जमलेल्या ४७ पुरुषांना पकडलं. कित्येक जण स्त्रीवेशात होते. बाहेरून दिसू नये म्हणून खिडक्या काळ्या कागदाने झाकल्या होत्या. वादकही अंध होता.

गैरसमज : हक्कांची चळवळ लंडनच्या उच्चभ्रूंनी चालवली, कष्टकऱ्यांचा त्यात हात नव्हता.

वस्तुस्थिती : १९५२ मध्ये मँचेस्टरमध्येच काम करणारे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवून संप्रेरकांची इंजेक्शनं घ्यायला लावली गेली. कायदा तोच असताना, १९६४ मध्ये ॲलन हॉर्सफॉल यांनी याच शहरात कायदाबदलासाठी समिती उभी केली. ते कोळसा मंडळात नोकरीला होते. खाणकामगारांच्या वस्तीतल्या आपल्या घराचा पत्ता त्यांनी उघडपणे समितीच्या पत्रकावर छापला. पुढे याच समितीतून देशव्यापी संघटना उभी राहिली.

गैरसमज : समलिंगी संबंधांना सूट देणाऱ्या १९६७ च्या कायद्याने सगळे प्रश्न मिटले.

वस्तुस्थिती : त्या कायद्याने सूट दिली ती फक्त एकवीस वर्षांवरील पुरुषांना, तीही खासगीत. १९८८ मध्ये तर ‘कलम २८’ आलं आणि समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला स्थानिक संस्थांना बंदी झाली. शिक्षक या विषयावर बोलायला धजेनात. हे कलम येऊ घातलं असताना २० फेब्रुवारीला हजारो लोक मँचेस्टरच्या रस्त्यांवर उतरले होते. इंग्लंडमध्ये ते रद्द व्हायला २००३ उजाडलं.

गैरसमज : मँचेस्टरमधला समलिंगी बारचा रस्ता, कॅनॉल स्ट्रीट, म्हणजे नुसती दारू आणि धांगडधिंगा.

वस्तुस्थिती : कालव्याकाठच्या जुन्या गोदामांच्या या रस्त्यावर १९९० मध्ये ‘मँटो’ हा बार मोठमोठ्या काचांच्या खिडक्या लावून उघडला. तोवर असे अड्डे आडोशालाच असत. शेजारच्या सॅकव्हिल बागेत ट्युरिंग यांचा पुतळा आहे आणि एचआयव्हीने गेलेल्यांचं स्मारकही.

गैरसमज : आपला याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती : आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ ब्रिटिशांनीच १८६० च्या दंडसंहितेत घातलं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने त्यातून वगळलं, ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. पण न्यायालय गुन्हा पुसू शकतं, घराचं दार उघडू शकत नाही. ते आपल्यालाच उघडावं लागेल.