ऑप-अँप : कागदावरचा आणि ब्रेडबोर्डवरचा

गेल्या आठवड्यात आदर्श ऑप-अँपचे दोन नियम पाहिले : इनपुटमध्ये करंट शिरत नाही, आणि निगेटिव्ह फीडबॅक असला की दोन्ही इनपुटांवरचा व्होल्टेज सारखा राहतो. एवढ्यावर परीक्षेतली बरीच गणितं सुटतात. आज प्रत्यक्ष आयसी जोडू.

७४१ घ्या. पुरवठा अधिक-उणे १५ व्होल्ट. पिन ६ पिन २ ला जोडून बफर करा आणि पिन ३ वर २० किलोहर्ट्झची साइन वेव्ह द्या. शिखर एक व्होल्टचं आहे तोवर सीआरओवर सगळं सुरेख दिसतं. आता ते १० व्होल्टपर्यंत वाढवा. वेव्हची गोलाई जाते, दोन्ही बाजू सरळ होतात आणि पडद्यावर चक्क त्रिकोण उभा राहतो, तोही बुटका. गेन एकच आहे, जोडणी बरोबर आहे, तरी हे होतं. कारण ७४१ चं आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण अर्धा व्होल्टच सरकू शकतं. हाच त्याचा स्ल्यू रेट. अर्धं आवर्तन २५ मायक्रोसेकंदांचं. तेवढ्या वेळात आउटपुट साडेबारा व्होल्ट चढतं, चढायचे असतात वीस. १० व्होल्ट शिखराची साइन या आयसीतून धड बाहेर पडते ती फार तर ८ किलोहर्ट्झपर्यंत.

हा वेग कुणी अडवला? आयसीच्या पोटातल्या ३० पिकोफॅरडच्या एका कपॅसिटरने. बॉब विडलर यांचा ७०९ हा फेअरचाइल्डचा ऑप-अँप १९६५ मध्ये आला, तेव्हा त्याला स्थिर ठेवणारे कपॅसिटर बाहेरून लावावे लागत. ते चुकले की सर्किट स्वतःच ऑसिलेट व्हायला लागे. त्याच कंपनीत डेव्ह फुलागर यांनी १९६८ मध्ये ७४१ बनवताना कपॅसिटर चिपवरच बसवला. जगभरच्या प्रयोगशाळांत ७४१ रुजला तो याच सोयीमुळे. पण पहिल्या टप्प्याकडे हा कपॅसिटर भरायला जेमतेम वीसेक मायक्रोअँपिअर करंट असतो, आणि करंट भागिले कपॅसिटन्स म्हणजेच व्होल्टेज बदलण्याचा वेग. गेन आणि बँडविड्थचा गुणाकार सुमारे एक मेगाहर्ट्झवर बांधला जातो तोही याच कपॅसिटरमुळे : शंभर गेन घेतलात की बँडविड्थ दहा किलोहर्ट्झ. म्हणून मी याला दोष म्हणत नाही. स्थिरतेसाठी मोजलेली ती किंमत आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

संथ सिग्नलला वेगाची अडचण नाही, पण तिथे ऑफसेट नडतो. भट्टीचं तापमान मोजायला के-टाइप थर्मोकपल लावलं, तर एका अंशाला मिळतात सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. ७४१ चा इनपुट ऑफसेट सर्वसाधारणपणे दोन मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास ४९ अंशांची चूक! साध्या ७४१सी च्या डेटाशीटमधली कमाल मर्यादा सहा मिलिव्होल्ट आहे; ती धरली तर चूक १४६ अंशांवर जाते. पिन १ आणि ५ मध्ये पोटेन्शिओमीटर लावून ऑफसेट शून्यावर आणता येतो, पण पॅनेल तापलं की तो पुन्हा सरकतो. इथे ओपी०७ सारखाच आयसी हवा. त्याचा ऑफसेट काही दशक मायक्रोव्होल्टांत असतो.

इनपुट करंटही शून्य नसतो. ७४१ मध्ये तो ८० नॅनोअँपिअरच्या आसपास असतो; एक मेगोहमच्या सेन्सरवर त्याचेच ८० मिलिव्होल्ट होतात. एलएम३५८ पाच व्होल्टवर चालवला तर आउटपुट साडेतीनच्या आसपास थांबतं, तेव्हा एडीसीची वरची पट्टी वाया जाते.

डेटाशीट वाचताना एक पथ्य पाळा. ‘टिपिकल’चा रकाना सर्किट समजून घ्यायला वापरा, डिझाइन मात्र ‘मॅक्सिमम’ आणि ‘मिनिमम’वर करा. तुमच्या हातात पडलेली चिप सरासरीच असेल, याची हमी कुणी दिलेली नाही.

पुढच्या लेखात ऑप-अँपला लांब केबल जोडली की तो ऑसिलेट का होतो, ते पाहू. तोवर आजच्याच बफरमध्ये ७४१ काढून टीएल०७१ बसवा. इनपुट, आउटपुट आणि पुरवठ्याचे पाय तेच आहेत आणि स्ल्यू रेट आहे १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. दोन्ही वेव्ह एकाच कागदावर काढून ठेवा, पुढच्या वेळी लागतील.