खुले पाठ्यसाहित्य आणि अध्यापकाचे मानधन

बी.ए.एम.एस.चा नवा अभ्यासक्रम २०२१-२२च्या तुकडीपासून लागू झाला आणि जुन्या पाठ्यपुस्तकांची मांडणी त्याच्याशी जुळेनाशी झाली. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची पुस्तके खालच्याने वापरावीत, ही आपल्या पिढीची सोय त्यामुळे बरीचशी संपली. वस्तुतः आयुर्वेदासारखे भाग्यवान शास्त्र विरळाच. चरक, सुश्रुत, वाग्भट यांच्या मूळ संहितांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबाद येथील संस्थेने संहिता संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. तरीही विद्यार्थी पैसे मोजतो तो संहितेसाठी नव्हे, तर विवरण, आकृत्या आणि प्रश्नसंचांसाठी. हे साहित्य खुले कोणी करावयाचे?

'खुले शैक्षणिक साहित्य' ही संज्ञा २००२ साली युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत रूढ झाली. केवळ फुकट वाचावयास मिळणे, एवढाच तिचा अर्थ नाही. कर्त्याला श्रेय देऊन ते साहित्य वापरण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची लेखी अनुमती त्यात असते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाने २०१२पासून अशी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली. त्यांत शरीररचना व शरीरक्रिया यांचाही ग्रंथ आहे. परंतु पुस्तक तयार असले म्हणून ते वर्गात पोहोचत नाही. अध्यापकाला संपूर्ण सत्राची फेरमांडणी करावी लागते, आणि ती रात्री घरी बसून, विनावेतन करावी अशी अपेक्षा असते!

ही अडचण ओळखून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ॲमहर्स्ट येथे २०११ साली अध्यापकांना लहान अनुदाने देण्यास प्रारंभ केला. जॉर्जिया राज्याच्या विद्यापीठव्यवस्थेने २०१४पासून हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. तेथे अध्यापक एकटा अर्ज करीत नाही. सहकारी, ग्रंथपाल, अध्यापनरचनेचा जाणकार असे पथक करते. कोणते विकत घ्यावे लागणारे पुस्तक बदलणार, किती विद्यार्थ्यांचा किती खर्च वाचणार, परिणाम कसा मोजणार, हे अर्जातच लिहावे लागते. कामाच्या शेवटी अहवाल द्यावा लागतो आणि तयार झालेले साहित्य खुल्या परवान्याखाली सर्वांना द्यावे लागते. पुस्तकाची किंमत नव्हे, अध्यापकाचा वेळ विकत घेतला जातो, हे या योजनेचे मर्म आहे.

याच राज्यातील जॉर्जिया विद्यापीठात २१,८२२ विद्यार्थ्यांच्या गुणांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. खुली पुस्तके आल्यावर अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे व विषय मध्येच सोडणाऱ्यांचे प्रमाण घटले. आर्थिक साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्यांना लाभ अधिक झाला. नव्या पुस्तकाबरोबर शिकविण्याची पद्धतही बदलत असते, तेव्हा सारे श्रेय पुस्तकाला देणे वैद्यकीय शिस्तीला धरून होणार नाही. अशा योजनांतील उणीवही ठाऊक असावी: अनुदान एकदाच मिळते, आणि दोन-तीन वर्षांनी सुधारणेची वेळ आली की कोणी वाली उरत नाही.

आपल्या संघटनेने असा प्रयोग भैषज्यकल्पनेपासून आरंभावा, असे माझे मत आहे. कारण सरळ आहे. स्नेहपाकाची मृदु, मध्यम व खर अवस्था शब्दांत सांगून कळत नाही. अवलेहाचे तंतुमत्त्व चित्रात पाहिल्याखेरीज मनात ठसत नाही. ही चित्रे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नीट मिळत नाहीत. ती आपल्या औषधनिर्मात्या सभासदांच्या कढईपाशी मिळतील. त्यांनी छायाचित्रणाला परवानगी द्यावी व निधीतही वाटा उचलावा.

येथे एक सावधगिरी अपरिहार्य आहे. निधी देणाऱ्या फार्मसीचे नाव ऋणनिर्देशात अवश्य यावे, परंतु पाठात कल्पाचे नाव शास्त्रीयच असावे. व्यापारी नाव वा वेष्टन दिसता कामा नये. अन्यथा पाठ्यपुस्तकाचे माहितीपत्रक व्हावयास वेळ लागणार नाही, आणि दुसऱ्या फार्मसीचा मालक पुढच्या वर्षी एक रुपयाही देणार नाही. पाठाची निवड करणाऱ्या समितीत देणगीदार नसावेत, हेही ओघाने आलेच.

आरंभी दोन अध्यापक व एक ग्रंथपाल यांचे एकच पथक पुरे. मानधनाचा निम्मा भाग काम स्वीकारताना द्यावा, चतुर्थांश साहित्य खुले झाल्यावर, आणि उरलेला चतुर्थांश दोन वर्षांनंतरच्या सुधारणेसाठी बँकेत वेगळा ठेवावा.