एकादशीचे व्रत आणि मधुमेह

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की घरोघरी वरीचे तांदूळ निवडले जातात, साबुदाणा भिजत पडतो. चातुर्मासाचा आरंभ करणाऱ्या या तिथीला एरवी उपवास न करणारेही व्रतस्थ होतात. अशा वेळी घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो : नेम पाळावा की प्रकृती सांभाळावी? पुष्कळजण, 'डॉक्टर नकोच म्हणतील' या धास्तीने, कोणासही न सांगता उपवास करतात. खरा धोका या लपवण्यात आहे.

मधुमेहावरील काही गोळ्या आणि इन्सुलिन ही पोटात अन्न असो वा नसो, रक्तातील साखर उतरवीतच राहतात. सकाळची गोळी नित्याप्रमाणे घेतली आणि फराळ लांबला, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातपायांस कंप, छातीत धडधड ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

दुसरे टोक 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीत आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा मिळाला की साखर झपाट्याने चढते. त्यापेक्षा बेताची भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडी, दही वा ताक असा फराळ थोडाथोडा, विभागून घेणे बरे.

म्हणून एकादशीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जावे आणि मोकळेपणाने विचारावे : मला उपवास झेपेल काय? कोणती गोळी केव्हा व किती घ्यावी, की त्या दिवशी वगळावी? साखर किती वेळा तपासावी? मात्रा आपल्या मनाने बदलू नये. गर्भवती स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि वारंवार साखर उतरणारे यांना डॉक्टरांनी नकार दिल्यास तो मानावा. निर्जळी उपवासाचा हट्ट तर मधुमेह्याने धरूच नये.

यात व्रतभंगाची भीती बाळगण्याचे कारण नाही. व्रताचा भंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी धर्मशास्त्राने सांगितल्या आहेत, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे व दूध यांबरोबर औषधाचाही समावेश आहे. अशक्त व्यक्तीच्या वतीने पुत्राने किंवा पत्नीने व्रत करण्याची मुभाही शास्त्राने दिली आहे. आजोबांचा उपवास नातवाने केला आणि आजोबांनी वेळेवर जेवून, औषध घेऊन विठ्ठलाचे नामस्मरण केले, तर त्या घरची एकादशी यथासांग पार पडली असेच म्हणावे.