गोळी कोणाच्या सहीची?

एडीएचडीची, म्हणजे अवधान टिकत नाही आणि चंचलता आवरत नाही अशा विकाराची शंका आलेल्या माणसापुढे इंग्लंडमध्ये आज मुख्यतः दोन वाटा असतात. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या यादीत नाव घालून वाट पाहत बसायचे, नाहीतर खिशातून पैसे भरून खासगी तज्ज्ञाकडे जायचे. मार्च २०२५ अखेर यादीत तपासणीसाठी थांबलेल्यांची संख्या साडेपाच लाखांच्या घरात होती, आणि काही भागांत ही प्रतीक्षा वर्षांत मोजावी लागते. त्यामुळे ज्यांना जमते ते दुसरी वाट धरतात. तिथे निदान होते, औषध सुरू होते, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मात्रा ठरते. मग क्लिनिकचे पत्र रुग्णाच्या फॅमिली डॉक्टरकडे, म्हणजे तिथल्या जीपीकडे जाते: रुग्ण स्थिरावला आहे, यापुढच्या चिठ्ठ्या तुम्ही द्याव्यात. यावर अनेक जीपी सरळ नकार कळवतात. जीपीच्या चिठ्ठीवर प्रौढाला एका औषधासाठी ९.९० पौंड लागतात आणि लहान मुलांना तेच फुकट मिळते. नकार मिळाला की औषधाची पूर्ण किंमत आणि वर प्रत्येक चिठ्ठीची फी रुग्णाच्या माथी बसते. ही औषधे बहुतेक नियंत्रित वर्गातली, एका वेळी साधारण तीस दिवसांपुरतीच लिहावीत असा दंडक असलेली. म्हणजे हा खर्च महिन्याच्या महिन्याला. वरवर हे भांडण पैशाचे वाटते. मुळात ते जबाबदारीचे आहे, आणि जबाबदारी कोणाची हे ठरल्याशिवाय पैशाचा प्रश्नही सुटणार नाही.

तज्ज्ञ आणि जीपी यांनी एका रुग्णाचे औषधोपचार वाटून घेण्याच्या या पद्धतीला तिथे ‘शेअर्ड केअर’ म्हणतात. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने एडीएचडीसाठी २०१८ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात ही वाटणी स्पष्ट आहे. निदान, औषधाची निवड आणि मात्रा बसवणे हे तज्ज्ञाचे काम. मात्रा स्थिरावली की चिठ्ठ्या आणि नेहमीच्या तपासण्या जीपीकडे. या तपासण्या काही अवघड नाहीत. मात्रा बदलताना आणि एरवी दर सहा महिन्यांनी नाडी व रक्तदाब पाहायचा, प्रौढांचे वजन सहा महिन्यांनी करायचे, मुलांची उंची सहा महिन्यांनी मोजायची आणि वजन वयानुसार त्याहून लवकर. दवाखान्यातली नर्सही हे करू शकते. मात्र औषध चालू ठेवायचे की थांबवायचे याचा वर्षातून एकदा फेरविचार व्हावा, आणि तो या विकारातले प्रशिक्षण असलेल्या व्यक्तीने करावा, असेही मार्गदर्शिका सांगते. कागदावर व्यवस्था नेटकी आहे. पण ती एका गृहीतावर उभी आहे: जीपीला अडचण आली तर तज्ज्ञ जागेवर सापडेल.

हे गृहीत किती महत्त्वाचे आहे ते दुसऱ्या आजारांकडे पाहिले की कळते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा द्विध्रुवी विकारासाठी लिथियम ही औषधे एडीएचडीच्या गोळ्यांपेक्षा सौम्य मुळीच नाहीत. मेथोट्रेक्सेटने रक्तपेशी घटू शकतात, यकृताला इजा होऊ शकते. लिथियमची रक्तातली पातळी थोडी चढली तरी विषबाधा होते. तरीही इंग्लंडमधले जीपी ही औषधे हॉस्पिटलशी वाटून घेऊन वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. रक्ताचा अहवाल बिघडला तर कोणत्या विभागाला फोन करायचा हे त्यांना माहीत असते, आणि तो विभाग उद्याही तिथेच असतो. खासगी क्लिनिकच्या बाबतीत ही खात्री देता येत नाही. रुग्णाने वार्षिक तपासणीची फी भरणे थांबवले की क्लिनिक त्याचे नाव काढून टाकू शकते. कंपनी बंद पडू शकते. मग तज्ज्ञाविना चालू असलेले नियंत्रित औषध एकट्या जीपीच्या हातात उरते, आणि एनएचएसच्या तज्ज्ञाकडे पाठवावे तर तीच लांबलचक यादी पुन्हा आडवी येते. म्हणून जीपीच्या नकारामागे औषधाच्या धास्तीपेक्षा परतीचा रस्ता नसल्याची धास्ती जास्त आहे, असे मला वाटते.

जीपींची बाजू नीट समजून घ्यायला हवी, कारण रुग्णांच्या संतापात ती हरवते. जीपी हा एनएचएसचा पगारी नोकर नसतो; बहुतेक दवाखाने स्वतंत्र कंत्राटावर चालतात आणि शेअर्ड केअर त्या मूळ कंत्राटात नाही. ते ऐच्छिक काम आहे. काही भागांत त्यासाठी वेगळा मोबदला ठरला आहे, अनेक ठिकाणी नाही. डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलचा नियम असा की, शिफारस कोणाचीही असो, चिठ्ठीवर ज्याची सही त्याची जबाबदारी. सही करणाऱ्याला औषधाची गरज आणि योग्यता पटली पाहिजे आणि ते त्याच्या आवाक्यातले असले पाहिजे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना तर खासगी तज्ज्ञांबरोबर शेअर्ड केअर टाळण्याचाच सल्ला देते. सरकारी आणि खासगी उपचारांची सरमिसळ होऊ नये, हे त्यामागचे तत्त्व. ऑगस्ट २०२४ पासून याच संघटनेने इंग्लंडमधल्या जीपींना निधीच्या मागणीसाठी आंदोलनाचे जे पर्याय दिले, त्यात बिनमोबदल्याची ऐच्छिक कामे सोडणे हाही एक होता. वाढीव जबाबदारी, शून्य मोबदला आणि पाठीशी कोणी नाही, असे काम नाकारणाऱ्याला आडमुठा म्हणणे अन्यायाचे आहे.

तरीही ‘खासगी’ हा शब्द वाचताच नकार देण्याचे धोरण मला चुकीचे वाटते. त्याच्या समर्थनार्थ पहिला मुद्दा येतो तो निदानाच्या दर्जाचा, आणि तो पोकळ नाही. मे २०२३ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाचा वार्ताहर रुग्ण बनून तीन खासगी क्लिनिककडे गेला. तिघांनीही व्हिडिओ कॉलवर त्याला एडीएचडी असल्याचे सांगितले. एनएचएसच्या तज्ज्ञाने मात्र प्रत्यक्ष भेटीत तीन तास घेऊन असा काही विकार नाही हा निष्कर्ष काढला. यातून घाईचे निदान होते हे सिद्ध होते. पैसे कोणी भरले यावरून दर्जा ठरतो हे होत नाही. इंग्लंडमध्ये ‘राइट टू चूज’ नावाच्या हक्काखाली एनएचएस स्वतःच्या खर्चाने रुग्णांना खासगी संस्थांकडे पाठवतेच. तपासणीला किती वेळ दिला, बालपणीची माहिती कोणाकडून घेतली, दुसरे आजार वगळले का, हृदयविकाराचा इतिहास विचारला का, हे सगळे अहवालात दिसते. जीपीने किंवा त्याच्या वतीने स्थानिक आरोग्य मंडळाने तपासायचा तो हा अहवाल. शिवाय कच्चा अहवाल पाहून नकार देणे आणि अहवाल न उघडताच नकार देणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारच्या नकाराने चुकीचे निदान झालेला रुग्ण त्याच क्लिनिकच्या गोळ्या पैसे मोजून घेत राहतो आणि योग्य निदान झालेला गरीब रुग्ण गोळ्या सोडतो. सुरक्षितता यातून कोणाचीच साधत नाही.

दुसरा आक्षेप न्यायाचा. पैसेवाल्याने रांग मोडून निदान विकत घ्यायचे आणि मग औषध सरकारी खर्चाने मागायचे, हे रांगेत उभ्या असलेल्यांवर अन्यायाचे नाही का? तत्त्व म्हणून हे पटते. पण नकाराने रांगेतल्या एकाही माणसाचा नंबर पुढे सरकत नाही. उलट निदान झालेला माणूस त्याच प्रश्नाचे उत्तर पुन्हा मिळवायला रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो आणि रांग एकाने वाढते. जो खरोखर श्रीमंत आहे तो दरमहा खासगी चिठ्ठी घेऊ शकतो, त्याला नकाराची झळ बसत नाही. झळ बसते ती कर्ज काढून किंवा नातेवाइकांकडून पैसे घेऊन एकदाची तपासणी करून घेणाऱ्याला. विषमतेविरुद्ध म्हणून केलेला उपाय मध्यमवर्गातल्या आणि त्याखालच्या लोकांनाच लागतो.

तिसरा आक्षेप औषधांबद्दलचा: ही उत्तेजके आहेत, ती सढळ हाताने वाटू नयेत. बरोबर. ‘जामा सायकायट्री’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा, विशेषतः उच्च रक्तदाबाचा, धोका वाढलेला दिसला. स्वीडनच्याच नोंदींवरून ‘बीएमजे’ने २०२५ मध्ये छापलेल्या अभ्यासात मात्र औषध सुरू करणाऱ्यांत आत्मघाती वर्तन, व्यसन, वाहन अपघात आणि गुन्हे कमी आढळले. फायदा मोलाचा आहे आणि धोकाही खरा आहे. दोन्ही निष्कर्ष एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: रक्तदाब पाहणारा आणि रुग्णाची बाकीची औषधे ठाऊक असलेला डॉक्टर या उपचारात हवाच. तो जीपी आहे. त्यालाच बाहेर ठेवले तर एका डॉक्टरला उत्तेजक माहीत, दुसऱ्याला रक्तदाबाच्या गोळ्या माहीत, आणि दोन्ही एकत्र पाहणारे कोणीच नाही अशी स्थिती होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनभर या औषधांचा तुटवडा पडून राष्ट्रीय इशारा द्यावा लागला, तेव्हा पर्यायी औषध कोणी ठरवायचे हा पेच अनेकांपुढे होता. अशा वेळी दोन डॉक्टरांचे आपसात बोलणे हाच रुग्णाचा आधार असतो.

म्हणून उपाय जीपीवर सक्ती करण्याचा नाही आणि त्याला मनमानी नकाराची मुभा देण्याचाही नाही. तज्ज्ञाला बांधून घ्यावे. जे क्लिनिक शेअर्ड केअरचे पत्र पाठवते त्याने वार्षिक फेरविचाराची आणि अडचणीच्या वेळी ठरलेल्या मुदतीत उत्तर देण्याची लेखी हमी द्यावी. ते बंद पडले किंवा रुग्णाचे पैसे संपले तर त्या रुग्णाला एनएचएसचा तज्ज्ञ प्राधान्याने मिळेल, ही हमी स्थानिक आरोग्य मंडळाने घ्यावी. जीपीच्या कामाचा मोबदला देशभर एकसारखा ठरवावा. आज एका मंडळाच्या हद्दीत मिळणारी गोळी शेजारच्या हद्दीत नाकारली जाते. एवढे झाल्यावरही जीपी नकार देऊ शकेल, पण रुग्णागणिक वैद्यकीय कारण लिहून. यावर खर्च वाढेल असे म्हणणाऱ्यांनी आजच्या दुहेरी तपासण्यांचा हिशेबही मांडावा. एडीएचडीसाठी नेमलेल्या, प्रा. अनिता थापर यांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिदलानेही २०२५ मध्ये हेच सुचवले की एडीएचडी हा केवळ तज्ज्ञांच्या दारातला विषय न ठेवता प्राथमिक आरोग्यसेवेने त्यात उतरावे.

नोकरीच्या नेहमीच्या व्हिसावर इंग्लंडला गेलेली मराठी कुटुंबे एनएचएससाठी दर प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंडांचा अधिभार आधीच भरतात; त्यांना हा नकार दुहेरी भुर्दंड वाटला तर नवल नाही. घरून गोळ्या मागवण्याचा विचार मात्र करू नये. मिथाइलफेनिडेट भारतातही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येते आणि ते कुरिअरने पाठवणे अंगाशी येऊ शकते. व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर खासगी तपासणीचे पैसे भरण्याआधी जीपीला लेखी विचारा: या क्लिनिकबरोबर शेअर्ड केअर घ्याल का, आणि कोणत्या अटींवर? क्लिनिकला विचारा: जीपी नाही म्हणाला तर महिन्याचा खर्च किती, आणि वार्षिक तपासणी कोण करणार? ‘राइट टू चूज’ची सोय आपल्याला लागू आहे का तेही पाहून घ्या. ही उत्तरे हाती आल्याशिवाय पहिली फी भरू नका.