मॉरिशसला जाताना वारा बघा

जुलैत मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर, बेल मारच्या पुळणीवर गेलात तर वारा धड उभं राहू देत नाही. उडणारी वाळू पोटऱ्यांना टोचते, सुरूची झाडं वाऱ्याच्या रेट्याने एका अंगाला कललेली दिसतात. तिथून गाडी मधल्या पठारावर चढली, की साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्यूरपिपमध्ये भुरभुर लागते आणि अंगावर स्वेटर चढवावा लागतो. पठार उतरून पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला पोचावं, तर लख्ख ऊन पडलेलं आणि प्रवाळाच्या कड्याआडचं पाणी निवांत! जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर रुंदीच्या बेटावर एकाच दिवसात ही तीन हवामानं भेटतात.

याचं कारण आग्नेयेकडून जवळजवळ वर्षभर येणारे व्यापारी वारे. हजारो किलोमीटर समुद्रावरून बाष्प गोळा करत ते बेटावर येतात आणि पठाराला अडून वर चढतात. वर चढताना हवा थंड होते, बाष्पाचे ढग होतात आणि पाऊस तिथेच पडतो. पलीकडे उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात. त्यामुळे पठारावर वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर पश्चिम किनाऱ्याच्या वाट्याला हजारसुद्धा येत नाही. महाबळेश्वर आणि वाई पाहिलेल्या वाचकाला पर्जन्यछाया वेगळी समजावून सांगायला नको. फक्त इथे पाऊस आणणारा वारा उलट्या अंगाने येतो. तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबरमध्ये, या ढगांच्या वर, साधारण दोन किलोमीटरवर, कोरड्या उबदार हवेचं झाकण असतं. ढगांना ते फोडून फार उंच जाता येत नाही, म्हणून सरी येतात त्या बहुधा दहा-पंधरा मिनिटांच्या.

मोबाइलवरचा अंदाज फसवतो तो यामुळेच. अख्ख्या बेटासाठी एकच ढगाचं चित्र दिसतं, आणि विमानतळ तर आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाशीच आहे. ते चित्र बघून पश्चिमेकडची सहल रद्द करू नका.

‘कडक उन्हाळा’ आणि ‘थंडी’ या आपल्या कल्पनाही तिथे चालत नाहीत. नोव्हेंबर ते एप्रिल या उन्हाळ्याचं सरासरी तापमान 24.7 अंश, हिवाळ्याचं 20.4, फरक जेमतेम चार अंशांचा. खरा फरक वारा, पाऊस आणि सूर्याचा. पोर्ट लुई विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास तितकंच दूर आहे, जितकं आपलं नाशिक उत्तरेला. त्यामुळे आपल्याला मे महिन्यात येतो तो शून्य सावलीचा दिवस तिथे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जानेवारीत येतो. ढगाळ दिवशीही त्या दिवसांत उघड्या पाठीची साल निघते. जुलैत मात्र दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. उन्हाची खोली हवी असेल तर उत्तरेकडची खिडकी मागा.

आता या वाऱ्याशी आपलं नातं काय, तेही पाहू. मॉरिशसच्या दक्षिणेला समुद्रावर हवेच्या उच्च दाबाचं मोठं क्षेत्र असतं, ज्याला मास्करीन उच्च दाब म्हणतात. आपल्या हिवाळी सहलींच्या नव्हे, तर आपल्या पेरण्यांच्या हंगामात ते सर्वांत जोरात असतं. तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन कोकणात येतात. बेल मारला नको वाटणारा वारा याच प्रवाहाचा भाग आहे. मला या बेटाच्या हवामानातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. नातं माणसांचंही आहे. एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथे गेलेल्या कोकणी माणसांच्या वंशजांकडेही गणपती येतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पण आपल्याकडचे गणपती भर पावसातले, तर तिथले सरत्या कोरड्या हिवाळ्यातले.

उन्हाळ्यात वारे मंदावतात, समुद्र 27 अंशांपर्यंत तापतो आणि चक्रीवादळांचे दिवस येतात. जोर जानेवारी ते मार्च. या वादळांचा अभ्यास इथे जुना आहे. चार्ल्स मेल्ड्रम हे गणिताचे शिक्षक आधी मुंबईच्या शिक्षण खात्यात होते, तिथून मॉरिशसला गेले आणि 1851 मध्ये त्यांनी तिथे हवामान संस्था उभी केली. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या जुळवून ते समुद्रावरच्या वादळांचा माग काढत. 1960 च्या ‘कॅरोल’ वादळात वाऱ्याचे झोत ताशी 256 किलोमीटरवर गेले, हजारो घरं पडली आणि त्यानंतर बेटावर सिमेंटची घरं सर्रास दिसू लागली.

तेव्हा माझं मत असं: सप्टेंबर ते नोव्हेंबर सर्वांत उत्तम, त्यातही ऑक्टोबर सर्वांत कोरडा. मे-जूनही छान. जुलै-ऑगस्टमध्येच जमणार असेल तर मुक्काम पश्चिमेला किंवा वायव्येला ठेवा. जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर परतीच्या तिकिटाच्या मागेपुढे एक-दोन दिवस मोकळे ठेवा आणि वादळाच्या इशाऱ्यांचे चार वर्ग समजून घ्या. पहिला वर्ग म्हणजे तयारीची सूचना. चौथा म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत सुरू झाले. आणि वादळाचा डोळा डोक्यावर आला तर वारा अचानक पडतो, कधी आभाळही उघडतं. ते फसवं असतं; थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. इशारा अधिकृतपणे मागे घेईपर्यंत हॉटेलच्या दाराबाहेर पाऊल टाकू नका.