‘बूझू’ म्हणण्याचा हक्क

एखाद्या समाजाला गुलामीत ठेवायचे, तर आधी त्याची भाषा मारावी लागते. अमेरिकेत हे काम शाळांनी केले. १८७९ साली सुरू झालेल्या कार्लाइलच्या निवासी शाळेच्या धर्तीवर देशभर शाळा निघाल्या. आदिवासी मुलांचे केस कापले, नावे बदलली. तोंडून मातृभाषेचा शब्द निघाला की शिक्षा! मिनेसोटातील ओजिब्वे समाजाच्या पिढ्या यातून गेल्या. १८८३च्या नियमांनी तर आदिवासींचे विधी आणि नृत्येही गुन्हा ठरवली.

म्हणूनच उत्तर मिनेसोटातील बेमिजी शहरात दुकानाच्या दारावर ‘बूझू’ अशी पाटी दिसते, ही गोष्ट आम्ही लहान मानत नाही. रेड लेक, लीच लेक आणि व्हाइट अर्थ या ओजिब्वे राखीव प्रदेशांच्या मधोमध हे शहर वसले आहे. २००९च्या सुमारास येथे ओजिब्वे पाट्यांची मोहीम सुरू झाली. ‘बूझू’ म्हणजे नमस्कार, ‘मीग्वेच’ म्हणजे आभार. ‘जयभीम’ म्हटले म्हणून मार खाल्लेल्या समाजाला अभिवादनाचे मोल वेगळे सांगायला नको.

पण पाटीने पोट भरत नाही. पर्यटक मण्यांचे भरतकाम आणि भूर्जाच्या सालीच्या टोपल्या कौतुकाने विकत घेतात. त्या संस्कृतीचा प्राण मात्र तळ्यातल्या ‘मानोमिन’मध्ये, म्हणजे जंगली भातात आहे. होडीत दोघे बसतात. एक लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा दोन दांडक्यांनी लोंब्या वाकवून दाणे झोडतो. मग भाजणे, तुडवणे, पाखडणे. पाण्यात सांडलेले दाणे पुढचे बियाणे होतात. मुले भाषा शिकतात ती अशा कामात. तळे हातचे गेले, तर ते शब्द बोलायचे कुठे?

येथे कायदा येतो. १८३७च्या तहात जमीन सोडताना ओजिब्वेंनी शिकार, मासेमारी आणि जंगली भात गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला होता. तो संपला, असे मिनेसोटा राज्य म्हणत होते. मिल लॅक्सच्या ओजिब्वेंनी न्यायालय गाठले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा हक्क कायम ठेवला. दीडशेहून अधिक वर्षांचा कागद जपला म्हणून हे घडले.

त्यांच्या हाती तह आहे, आपल्या हाती बाबासाहेबांनी दिलेले संविधान. आपली गाणी ऐकून टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटतात. पाण्याचा, जमिनीचा, हक्काचा प्रश्न निघाल्यावर त्यांतले कितीजण सोबत उभे राहतात, ते मोजा. मित्र कोण, हे तेव्हाच कळेल.